एमडी-४२ आणि आयएसओ १३४८५: कागद दोन, तपासण्याही दोन

मागच्या आठवड्यात डोंबिवलीहून मावसभावाचा फोन आला. नर्सिंग होमना कॅथेटर, ग्लोव्ह्ज, ड्रेसिंगचा माल पुरवायचा त्याचा धंदा आहे. "ताई, पंधरा दिवसांनी आयएसओचं ऑडिट आहे. ते एकदा झालं की एफडीएचं वेगळं काही लागत नाही ना?"

लागतं. एफडीए म्हणजे राज्याचं अन्न व औषध प्रशासन; त्यांची एमडी-४२ नोंदणी वेगळी आणि आयएसओ १३४८५ वेगळं. प्रिन्सेस स्ट्रीटवर सर्जिकल मालाच्या एका पेढीत मी क्वालिटीचं काम बघते, आणि हा प्रश्न मला शेजारपाजारचे दुकानदारही विचारतात. दोन्हीकडे कुणीतरी तपासायला येतं, दोन्हीचा कागद फ्रेम करून भिंतीवर लागतो, म्हणून गल्लत होते.

एमडी-४२ ही कायद्याची नोंदणी. १ एप्रिल २०२० पासून सगळीच वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याच्या कक्षेत आली. पुढे मेडिकल डिव्हाइसेस रूल्स २०१७ मध्ये सप्टेंबर २०२२ ला दुरुस्ती झाली आणि औषधविक्रीचा परवाना नसलेल्या, फक्त उपकरणं विकणाऱ्यांसाठी ही नोंदणी आली. अर्ज एमडी-४१ मध्ये करायचा, फी ३००० रुपये. आपल्याकडे तो राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे जातो. त्यांचं मुख्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. दर ५ वर्षांनी रिटेन्शन फी भरत राहिलं की नोंदणी चालू राहते. पुरेशी जागा, योग्य साठवण, पात्र माणूस, परवानाधारक किंवा नोंदणीकृत विक्रेत्याकडूनच खरेदी आणि लॉट (बॅच) नंबर-एक्सपायरीसकट खरेदी-विक्रीची नोंद, एवढं त्यात मागितलेलं आहे. ही नोंदणी नसताना माल विकणं बेकायदेशीर.

आयएसओ १३४८५ नसेल तर पुरवठादारावर गुन्हा होत नाही, पण मोठ्या रुग्णालयाचं टेंडर हातचं जाऊ शकतं. हे मानक आहे, सध्या २०१६ ची आवृत्ती चालते. उपकरणांचा धंदा कुठल्या पद्धतीने चालवायचा हे तुम्हीच लिहून ठेवायचं, आणि ऑडिटर येऊन बघतो की लिहिलंय तसं रोज होतंय का. पहिल्या टप्प्यात कागद, दुसऱ्यात प्रत्यक्ष जागा, मग दरवर्षी सर्व्हेलन्स म्हणजे देखरेखीचं ऑडिट आणि ३ वर्षांनी नूतनीकरण. लागू असलेले कायदे पाळणं ही मानकाचीच अट असल्यामुळे ऑडिटर एमडी-४२ सुद्धा मागतो. म्हणून भावाला सांगितलं, आधी ती फाइल वर काढ.

फरक मला खरा कळला तो आमच्या पहिल्या ऑडिटला. एफडीएचे औषध निरीक्षक येऊन गेले होते तेव्हा त्यांनी जागा, माल, बिलं पाहिली होती आणि आम्ही निर्धास्त होतो. ऑडिटर मात्र थेट रॅककडे गेले, १६ नंबरच्या फोलीज कॅथेटरचा, म्हणजे लघवीसाठी घालायच्या नळीचा, एक बॉक्स उचलला, लॉट नंबर वाचला आणि म्हणाले, "हा माल आला त्या दिवसापासूनचं तापमानाचं रजिस्टर दाखवा." मी दाखवलं. जूनचे तीसही दिवस एकाच पेनाने लिहिलेले, रोज २६ अंश. त्यांनी चार ठिकाणी बोट ठेवलं. "हे रविवार आहेत. रविवारी गोडाऊन उघडं असतं?"

नसतं. महिनाअखेरीस गोडाऊनमधल्या मुलाने एका बैठकीत रकाने भरले होते आणि खाली सही माझी होती. एनसी, म्हणजे नॉन-कन्फॉर्मिटी, त्रुटीची नोंद, लिहिली गेली, आणि ती रास्तच होती. त्या बॉक्समधल्या पाकिटाची एक बाजू कागदाची असते. मुंबईच्या जुलैत गोडाऊनच्या भिंती पाझरतात. कागद भिजला की निर्जंतुकपणाची खात्री संपते, आणि भिजून वाळलेलं पाकीट लांबून धडधाकट दिसतं. ते शेवटी परळच्या एखाद्या वॉर्डात कुणाच्या तरी आईसाठी उघडलं जाणार असतं. तेव्हापासून मी रजिस्टर पाहिल्याशिवाय सही करत नाही.

म्हणून दोन्हींची तयारी वेगळी. निरीक्षकांवर आधी कळवून येण्याचं बंधन नाही, तेव्हा ती तयारी रोजचीच: माल जमिनीला टेकलेला नको, एक्सपायरी झालेला वेगळा आणि कुलपात, बिलं लॉट नंबरसह. ऑडिटची तारीख ठरलेली असते, पण पंधरा दिवसांत महिन्यांचा पुरावा उभा राहत नाही आणि मागच्या तारखा घालून तो उभा करूही नये. उरलेल्या दिवसांत एक लॉट घ्या आणि तो कुणाकुणाला गेला ते घड्याळ लावून शोधा. अंतर्गत ऑडिट खरोखर करा, त्यात सापडलेल्या चुका लपवू नका. सापडलेली आणि दुरुस्तीला घेतलेली चूक ऑडिटरला चालते. तक्रारींची वही कोरी असेल तर संशय येतो, कारण वर्षभर माल विकून एकही पीस परत आला नाही असं होत नाही.

'मान्यता' हा शब्दही सैल वापरला जातो. जिनिव्हाची आयएसओ स्वतः कुणाला सर्टिफिकेट देत नाही. ते सर्टिफिकेशन बॉडी देते, आणि त्या बॉडीला तपासून मान्यता देण्याचं काम आपल्याकडे क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाची एनएबीसीबी करते. आपल्याला मिळतं ते प्रमाणपत्र, मान्यता असते ती बॉडीला. कुणी ऑडिटशिवाय चार दिवसांत सर्टिफिकेट देतो म्हणाला, तर त्याला कोणाची मान्यता आहे एवढं विचारा.

भावाने दुसऱ्याच दिवशी किमान-कमाल आकडा धरून ठेवणारं थर्मामीटर आणलं, एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी संस्था) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्या कॅलिब्रेशन, म्हणजे अचूकता तपासल्याच्या, सर्टिफिकेटसह. काल व्हॉट्सअ‍ॅपवर रजिस्टरचा फोटो आला. रविवारच्या रकान्यात तिरकी रेघ, त्यावर 'बंद', आणि सोमवारी सकाळी वाचलेला आकडा: कमाल ३१. खाली त्याने विचारलंय, एक्झॉस्ट फॅन कुठल्या भिंतीला बसवू?