मल्चिंग पेपरची चंदेरी बाजू वर का?

मल्चिंग पेपर म्हणजे वाफ्यावर अंथरायचे, एका बाजूने काळे आणि दुसऱ्या बाजूने चंदेरी असे पातळ प्लास्टिक. तो तण रोखायला आणि ओलावा टिकवायला असतो, त्यामुळे कुठलीही बाजू वर आली तरी चालते, असे बरेच जण धरून चालतात. वायंगणी (पावसाळी भातानंतरच्या हंगामातल्या) मिरचीच्या वाफ्यावर म्हणूनच कधी काळी बाजू वर दिसते, कधी चंदेरी. तणाला त्याने फरक पडत नाही. माव्याला, म्हणजे रोपाचा रस शोषणाऱ्या बारीक किडीला, मात्र पडतो.

सुमारे 400 नॅनोमीटरच्या खालचा प्रकाश, म्हणजे अतिनील, आपल्याला दिसत नाही. मावा, पांढरी माशी, फुलकिडे यांना तो दिसतो. त्यांच्या जगात अतिनील ज्या बाजूला, ते आभाळ. कारण माती आणि पाने हा प्रकाश बहुतेक गिळून टाकतात. उडायचे तेव्हा मावा त्या प्रकाशाकडे झेपावतो. काही वेळ उडून झाले की पिवळट हिरव्याची ओढ वाढते आणि तो उतरू लागतो. (पिवळे चिकट सापळे याच ओढीवर चालतात.) आता खाली चंदेरी थर असेल तर अतिनील जमिनीकडूनही येतो. पिवळट हिरव्याची ओढ खाली खेचते, अतिनील उतरण्याची ऊर्मी दाबतो. त्यात उडताना पाठ उजेडाकडे ठेवायची ही कीटकांची सवय. उजेड दोन्हीकडून आला की तोलही बिघडतो. खाली जणू दुसरे आभाळच! पांढरे प्लास्टिक आपल्याला याहून लख्ख दिसते, पण त्याला पांढरेपणा देणारा टायटॅनियम डायऑक्साइड अतिनील शोषून घेतो. माव्याच्या लेखी ते काळवंडलेलेच.

उतरूच न देणे महत्त्वाचे, कारण मोझॅकसारखे काही विषाणू मावा सोंड टोचून रस चाखतो तेवढ्या काही सेकंदांतच रोपात शिरतात. फवारणीने तो मरेपर्यंत काम झालेले असते. मिरचीचा चुरडा-मुरडा आणि भेंडीचा पिवळा केवडा हे विषाणूरोग पांढरी माशी पसरवते. तरी भेंडी पिवळी पडली की दृष्ट लागली म्हणून बांधावर काळे मडके टांगतात. मडक्यावर चुन्याने डोळे काढण्यापेक्षा माशीचे डोळे समजून घेतलेले बरे.

'कागद टाका, फवारणी विसरा' ही जाहिरातही तितकीच फसवी. रोपे पसरून कागद झाकला गेला की परिणाम ओसरतो. खरा उपयोग लावणीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत. आणि गोव्यातल्या आगशी गावच्या वांग्यांचे काय? शेंडा आणि फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग रात्री उडतो. त्याला चंदेरी काय नि काळे काय!

स्वस्तातला मार्ग भाताच्या पेंढ्याचा. उघड्या तपकिरी मातीवर सुटे हिरवे रोप उठून दिसते आणि मावा नेमका तिथे उतरतो. पेंढा तो फरक पुसट करतो. शिवाय तो तिथेच कुजतो. 25-30 मायक्रॉन जाडीचा पातळ कागद मात्र पावसाळी भातासाठी नांगर घालण्याआधी तुकडान् तुकडा वेचून काढावा लागतो.