पार्श्वभूमी : लेझर, पांढरा संगमरवर आणि आपला काळा पाषाण

लेझरनं शिल्प साफ करता येतं, हे कळलं ते योगायोगानं. १९६६ च्या पुरानंतर व्हेनिसच्या शिल्पांची काळजी जगभर वाटू लागली होती. १९७२ च्या सुमारास काही शास्त्रज्ञ तिथे मूर्तींच्या होलोग्राम, म्हणजे त्रिमितीय प्रतिमांच्या, नोंदी घ्यायला गेले. तेव्हा दिसलं की रूबी लेझरच्या झोतानं काळं पुट उडतं आणि खालचा संगमरवर तसाच राहतो. काजळी आणि जिप्समचं ते पुट प्रकाश शोषून घेतं, पांढरा दगड तो परतवतो. पुट संपलं की काम आपोआप थांबतं.

रूबी लेझरनं साफ करायची गती फार कमी होती. नव्वदच्या दशकात निओडिमियम-याग लेझर रुळला आणि फ्रान्समधल्या आमियाँच्या कॅथेड्रलच्या दारांवरची काळी पुटं काढताना जुन्या रंगाचे अवशेषही वाचले.

खरा वाद पेटला तो पिवळेपणावरून. या नव्या लेझरच्या १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीच्या झोतानं साफ केलेला दगड पिवळसर दिसायचा. काहींच्या मते ही लेझरनं केलेली इजा होती. काही म्हणत, हा तर दगडाचा शतकानुशतकं मुरलेला थर, तो आता कुठे उघडा पडला. पुटाचे उरलेले कण तसा रंग देतात, असंही मत होतं. प्रश्न रंगापुरता नव्हता. ‘स्वच्छ’ म्हणजे नेमकं कुठवर, हेच ठरत नव्हतं. अथेन्समध्ये पार्थेनॉन मंदिराच्या पश्चिम शिल्पपट्टीसाठी १०६४ आणि ३५५ नॅनोमीटरचे दोन झोत एकाच वेळी वापरायचं ठरलं आणि पिवळेपणा टळला. पुढे २०११ पासून तिथल्या स्त्रीमूर्तींच्या खांबांवरही हीच पद्धत वापरली गेली, तीही संग्रहालयात प्रेक्षकांच्या देखत.

पण हे सगळं पांढऱ्या दगडावर. सातारा जिल्ह्यातल्या लिंबच्या बारामोटेच्या विहिरीपासून गावोगावच्या वीरगळांपर्यंत आपल्याकडे काम आहे ते काळ्या बेसॉल्टमध्ये. इथे गणित उलटं होतं. दगडफुलाचा करडा ठिपका फिका आणि खालचा पाषाण गडद, म्हणजे झोत आधी शोषणार तो दगडच. त्यातली लोहयुक्त खनिजं वितळायचाही धोका असतो. म्हणून युरोपातले आकडे इथे जसेच्या तसे लावणं मला तरी धोक्याचं वाटतं.

शेंदराचा प्रश्न आणखी नाजूक. मूर्तीचं कवच सुटतं तेव्हा त्याच्या तुटल्या कडेवर तेल आणि शेंदराची एकावर एक चढलेली पुटं उघड दिसतात. भाविकांसाठी ती पूजा आहे, संवर्धकाच्या नोंदीत तो थर. त्यात हिंगूळ किंवा शिशाचा लाल रंग असेल, तर लेझरनं तो काळा पडतो. त्यामुळे झोत सोडण्याआधी शेंदूर कशाचा आहे हे तपासून, मूर्तीच्या मागच्या बाजूला नखाएवढ्या जागेत, सगळ्यात कमी ऊर्जेपासून चाचणी घ्यावी लागते.