कनकासवापासून नियम १५८-ब पर्यंत : दम्यावरील वनौषधींच्या तपासणीची पार्श्वभूमी

ठाणे-बेलापूर पट्ट्यात, रबाळ्यापासून तुर्भ्यापर्यंत, हिवाळ्यातली धुरकट हवा सुरू झाली की दम्याचे अनेक रुग्ण इन्हेलरच्या जोडीला अडुळशाचा काढा किंवा एखादे आसव, म्हणजे आंबवून बनवलेले आयुर्वेदिक औषध, घेऊ लागतात. झाडपाल्याच्या औषधाने अपाय होत नाही, हा समज त्यामागे असतो. दम्याच्या बाबतीत तो विशेष धोक्याचा आहे, कारण या रोगावर परंपरेने वापरलेल्या काही वनस्पती अत्यंत जहाल आहेत.

धोत्र्याला संस्कृतात कनक म्हणतात आणि कनकासव या दम्यावरील आसवाचे नाव त्यावरूनच आले. दम्यासाठी धोत्र्याचा धूर ओढण्याची रीत १८०२ च्या सुमारास मद्रासहून ब्रिटनमध्ये पोहोचली आणि पुढे तिथे दम्याच्या सिगारेटीही विकल्या गेल्या. धोत्र्यातील अ‍ॅट्रोपिनसारखी द्रव्ये श्वासनलिका सैल करतात; मात्रा चुकली तर त्यांनीच भ्रम होतो, छाती धडधडते, लघवी तुंबते. अडुळशातील व्हॅसिसिन या द्रव्याच्या अभ्यासातून ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारे औषध निघाले, परंतु व्हॅसिसिनने गर्भाशयाचे आकुंचनही वाढते. घरोघरी काढा उकळणाऱ्यांपर्यंत ही गोष्ट क्वचितच पोहोचते, याची खंत वाटते.

औषधविषयक मूळ कायदा १९४० चा. आयुर्वेदिक औषधांसाठी त्यात स्वतंत्र प्रकरण आले ते १९६४ मध्ये. विषारी द्रव्यांच्या परिशिष्टात धोत्र्याचा समावेश झाला आणि पोटात घेण्याच्या अशा औषधांवर वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याची सूचना छापणे बंधनकारक ठरले. उत्पादनाच्या शिस्तीचे नियम २००० मध्ये लागू झाले. तपासणीला खरी चालना मिळाली ती बाहेरून : बॉस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर निर्यातीच्या वनौषधींसाठी जड धातूंची तपासणी २००६ पासून सक्तीची झाली.

याच कायद्याखालील नियमांत २०१० मध्ये आलेल्या नियम १५८-ब ने आयुर्वेदिक औषधांच्या परवान्यासाठी सुरक्षिततेचा पुरावा मागितला. मात्र जुन्या आयुर्वेदिक ग्रंथांतील कृतीनुसार आणि ग्रंथात सांगितलेल्या रोगासाठीच बनवलेल्या औषधाला वेगळ्या सुरक्षितता अभ्यासातून सूट राहिली. शतकांच्या अनुभवाचा मान राखणारी ही सूट मला समजते, पण अपुरी वाटते. दीर्घ वापरातून तत्काळ होणारा अपाय कळतो. हळूहळू होणारा किंवा दोन औषधांच्या संयोगाने होणारा अपाय सहज कळत नाही. ज्येष्ठमध फार दिवस घेतल्यास रक्तातील पोटॅशियम घटते, आणि इन्हेलरमधून दिल्या जाणाऱ्या साल्ब्युटामॉल या दम्याच्या औषधाच्या मोठ्या मात्रेनेही तेच होते. ग्रंथ रचले गेले तेव्हा साल्ब्युटामॉल नव्हतेच, त्यामुळे या संयोगाबद्दल ते काही सांगू शकत नाहीत. आयुर्वेदिक औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदीचा राष्ट्रीय कार्यक्रम २००८ मध्ये सुरू झाला खरा, परंतु घरी काढा घेतल्याचे रुग्णाने डॉक्टरांना सांगितलेच नाही, तर अशी नोंद होणार कशी?