कर्नलना उडत्या तबकड्यांत रस होता, म्हणून शस्त्र गूढ ठरत नाही

अमेरिकी लष्करातले निवृत्त कर्नल जॉन अलेक्झांडर. लॉस अलामॉस या अमेरिकी सरकारी संशोधन प्रयोगशाळेत त्यांनी जीव न घेणाऱ्या शस्त्रांवर काम केलं, आणि उडत्या तबकड्या, अतींद्रिय शक्ती यांचाही पाठपुरावा केला. त्यावरून वर्षानुवर्षं एक समज फिरतो: ही शस्त्रं म्हणजे मनावर ताबा मिळवणारी गुप्त यंत्रं. हा समज चूक आहे. गंमत म्हणजे, तबकड्यांबद्दल सरकार काही मोठं दडवतंय, हे खुद्द अलेक्झांडर यांनाही पटलेलं नाही.

सगळ्यात जास्त अफवा उष्णताझोताच्या यंत्राबद्दल आहेत, म्हणजे लांबून कातडी तापवून माणसांना मागे हटवणाऱ्या अमेरिकी लष्कराच्या शस्त्राबद्दल (अ‍ॅक्टिव्ह डिनायल सिस्टिम), म्हणून तेच उघडून पाहू. घरच्या मायक्रोवेव्हची वारंवारता २.४५ गिगाहर्ट्झ, तरंगलांबी १२ सेंटिमीटर. म्हणून तो अन्नात खोल शिरतो. या यंत्राची वारंवारता ९५ गिगाहर्ट्झ, तरंगलांबी जेमतेम ३ मिलिमीटर. झोत कातडीत साधारण ०.४ मिलिमीटरच जातो. तिथल्या पाण्याचा अंश तापतो, वेदनेच्या नसा चेतवल्या जातात, माणूस आपोआप बाजूला होतो. झोत मेंदूपर्यंत पोचतच नाही.

खरा धोका साधा आहे: शक्ती किंवा वेळ जास्त झाली, की भाजतं. २००७च्या चाचणीत हवाई दलाच्या एका सैनिकाला दुसऱ्या दर्जाचं भाजलं होतं. यंत्राला मर्यादाही आहेत: पाऊस, दमट हवा झोत शोषून घेते. २०१०मध्ये हे यंत्र अफगाणिस्तानात नेलं आणि एकदाही न वापरता परत आणलं.