क्वार्टरबॅक वाचला, श्रेय कोणाचे?

24 जानेवारी 2016 रोजी डेन्व्हर येथे झालेल्या अमेरिकन फुटबॉल कॉन्फरन्स या गटाच्या अंतिम सामन्यात न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणारा खेळाडू, टॉम ब्रेडी याला प्रतिस्पर्ध्यांनी 20 वेळा धडका दिल्या, चार वेळा चेंडू फेकण्याआधीच खाली पाडले आणि पेट्रियट्स 20-18 असे हरले. पराभवानंतर लगेचच संघाने आपल्या ऑफेन्सिव्ह लाइनचे, म्हणजे क्वार्टरबॅकला संरक्षण देणाऱ्या पाच जणांच्या फळीचे, प्रशिक्षक डेव्ह डीगुलिएल्मो यांना काढून टाकले आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले डान्टे स्कारनेकिया यांना परत बोलावले. पुढच्या हंगामात ब्रेडी फक्त 15 वेळा पाडला गेला आणि संघाने सुपर बोल, म्हणजे विजेतेपदाचा अंतिम सामना, जिंकला. तेव्हापासून ही हकीकत ‘एका प्रशिक्षकाने फळी कशी सावरली’ याचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. ती कितपत खरी आहे, हे तपासण्याचे साधन आपल्या हाती आहे, कारण प्रशिक्षक होता, गेला आणि परत आला, अशी क्रमवारी शास्त्रज्ञांना सहसा प्रयोगशाळेतच मिळते.

आधी या फळीविषयी थोडे. मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि कडेला टॅकल असे हे पाच जण असतात. प्रत्येकाचे वजन सव्वाशे किलोच्या वर, आणि नेहमीच्या डावात त्यांना पुढे फेकलेला पास झेलण्याचीही मुभा नसते. चेंडू क्वार्टरबॅककडे गेला की समोरून धावून येणाऱ्यांना दोन-तीन सेकंद थोपवणे आणि चेंडू घेऊन पळणाऱ्या रनिंग बॅकला वाट मोकळी करून देणे, एवढेच त्यांचे काम. कबड्डीतील साखळीप्रमाणे येथेही चौघांनी उत्तम काम केले आणि पाचव्याचा हात सुटला, तर चौघांचे काम वाया जाते. म्हणून प्रशिक्षकाचे शिकवणे दोन प्रकारचे असते. पाय किती मागे घ्यायचा आणि तळहात समोरच्याच्या छातीवर नेमका कोठे टेकवायचा, ही एकेकट्याची तालीम झाली. आणि समोरचे दोघे धावता धावता आपल्या जागांची अदलाबदल करू लागले की कोणी कोणाला शेजाऱ्याच्या हवाली करायचे, ही सर्वांची मिळून करायची तालीम. दुसऱ्या प्रकाराला वेळ अधिक लागतो, आणि तो प्रेक्षकांना जवळजवळ दिसत नाही.

मोजणीची अडचण येथूनच सुरू होते. क्वार्टरबॅकच्या नावावर फेकी असतात, रनिंग बॅकच्या नावावर चेंडू घेऊन धावून कापलेले यार्ड असतात. फळीतल्या खेळाडूच्या नावावर मात्र किती सामने खेळला आणि किती वेळा नियमभंग केला याखेरीज अधिकृत नोंद फारशी नसते. त्यामुळे लोक हाताशी असलेला आकडा उचलतात, तो म्हणजे सॅक. क्वार्टरबॅक चेंडू फेकण्याच्या बेतात असताना खाली पाडला गेला की एक सॅक होतो. नॅशनल फुटबॉल लीगने, म्हणजे एनएफएलने, 1982 पासून पाडणाऱ्या खेळाडूच्या नावावर त्याची अधिकृत नोंद ठेवली आहे. फळी चांगली असेल तर सॅक कमी होतील, आणि सॅक कमी झाले तर प्रशिक्षक चांगला, असा हा सरळ वाटणारा तर्क आहे.

तो पेट्रियट्सवर लावून पाहू. 2013 हे स्कारनेकिया यांच्या पहिल्या कारकिर्दीचे शेवटचे वर्ष. त्या हंगामात ब्रेडी 40 वेळा पाडला गेला. 2014 मध्ये डीगुलिएल्मो आले आणि हा आकडा 21 वर उतरला; त्या वर्षी संघाने सुपर बोलही जिंकला. 2015 मध्ये तो 38 झाला आणि डीगुलिएल्मो यांची नोकरी गेली. स्कारनेकिया परतल्यावर 2016 मध्ये, बंदीमुळे ब्रेडी 12 सामनेच खेळला त्या हंगामात, 15. 2017 मध्ये पुन्हा 35. 2018 मध्ये 21. आणि 2019 मध्ये 27. लोकप्रिय कथा 2015 आणि 2016 या दोनच वर्षांवर उभी आहे. 2013 आणि 2014 ही दोनच वर्षे घेतली असती, तर स्कारनेकिया गेल्यामुळे फळी सुधारली असा नेमका उलटा निष्कर्ष तितक्याच आत्मविश्वासाने काढता आला असता.

दर काढला तर चित्र आणखी चमत्कारिक दिसते. सॅकच्या संख्येला फेकी आणि सॅक यांच्या बेरजेने भागायचे. डीगुलिएल्मो यांच्या दोन हंगामांत ब्रेडीचे 1206 फेकींमागे 59 सॅक झाले, म्हणजे सुमारे 4.7 टक्के. स्कारनेकिया यांच्या 2013 आणि 2016 ते 2019 या पाच हंगामांत 2824 फेकींमागे 138 सॅक, म्हणजे पुन्हा सुमारे 4.7 टक्के. मोजणी सोयीच्या वर्षापासून सुरू केल्याचा आक्षेप येऊ नये म्हणून 2012 हे वर्षही जोडून पाहिले, तरी स्कारनेकिया यांचा दर 4.6 टक्क्यांच्याच आसपास राहतो. ज्याला काढून टाकले तो आणि ज्याची ख्याती सर्वत्र आहे तो, या दोघांत सॅकच्या मोजपट्टीवर सांगण्याजोगा फरक नाही.

मग वर्षागणिक 40, 21, 38, 15 असे हेलकावे कशाचे? बरेचसे निव्वळ योगायोगाचे. समजा, एखाद्या क्वार्टरबॅकला दर खेपेस पाडले जाण्याची शक्यता कायम 5 टक्के आहे आणि हंगामात तो 600 वेळा फेकायला मागे सरतो. सरासरीने 30 सॅक अपेक्षित आहेत; पण संभाव्यतेच्या नियमांनुसार या संख्येचे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासून साधारणपणे होणारी मागेपुढे, 5.3 इतके येते, म्हणजे शंभरापैकी सुमारे 95 हंगामांत आकडा 20 ते 40 यांच्या दरम्यान कोठेही पडू शकतो. फळी तीच, प्रशिक्षक तोच, क्वार्टरबॅक तोच, आणि तरी एका वर्षी 22 आणि पुढच्या वर्षी 38. प्रत्यक्ष खेळात प्रत्येक डाव दुसऱ्यापासून इतका स्वतंत्र नसतो, त्यामुळे खरे हेलकावे यापेक्षा मोठेच असणार.

त्यात प्रशिक्षक बदलण्याची वेळ या योगायोगाला कथेचे रूप देते. प्रशिक्षकाला वाईट वर्षानंतरच काढले जाते, आणि वाईट वर्षात खरा दोष जितका असतो तितकेच बहुधा दुर्दैवही असते. पुढच्या वर्षी दुर्दैव तितकेच तीव्र असण्याचे कारण नसल्यामुळे कोणीही आला तरी आकडा सुधारण्याचा संभव अधिक. फ्रान्सिस गाल्टन यांनी 1886 मध्ये आई-वडील आणि मुले यांच्या उंचीच्या अभ्यासात सरासरीकडे परतण्याची जी प्रवृत्ती दाखवली, तीच ही. 2015 मध्ये पेट्रियट्सच्या दुर्दैवाचा काही भाग तर उघड्यावर होता: डावा टॅकल नेट सोल्डर दंडाच्या दुखापतीने उरलेल्या हंगामाला मुकला आणि फळीतली माणसे सतत बदलत राहिली. 2016 मध्ये सोल्डर, थूनी, अँड्र्यूज, मेसन आणि कॅनन हे पाच जण बराच काळ एकत्र खेळले.

दुसरा गोंधळ क्वार्टरबॅकचा, आणि माझ्या मते तो सर्वांत मोठा आहे. चेंडू किती लवकर सोडायचा, धोका कोणत्या बाजूने येत आहे हे ओळखून फळीला आयत्या वेळी काय सूचना द्यायची, हे बऱ्याच अंशी त्याच्या हाती असते. ब्रेडी 2020 मध्ये टँपा बे बुकनीअर्सकडे गेला. तेथे स्कारनेकिया नव्हते, फळी वेगळी होती, आणि तीन हंगामांत त्याचा सॅकचा दर 3.1 टक्के राहिला, न्यू इंग्लंडमधल्यापेक्षाही कमी. इकडे पेट्रियट्ससाठी 2020 मध्ये कॅम न्यूटन खेळला आणि त्याचा दर 7.8 टक्क्यांवर गेला. स्कारनेकिया 2019 नंतर पुन्हा निवृत्त झाले होते, त्यामुळे ही वाढ त्यांच्या जाण्याने झाली असे म्हणणाऱ्याला ब्रेडीच्या टँपामधल्या आकड्यांचा खुलासा द्यावा लागेल. सॅक हा फळीपेक्षा फेकणाऱ्याच्या मागे फिरणारा आकडा आहे.

धावण्याच्या खेळात पुरावा जरा बरा मिळतो, कारण तेथे रनिंग बॅक लवकर बदलतात. डेन्व्हर ब्राँकोजमध्ये 1995 ते 2003 या काळात फळी अ‍ॅलेक्स गिब्स यांच्या हाताखाली होती. त्यांची पद्धत अशी, की खेळाडूने समोरच्या ठरावीक माणसावर तुटून पडण्याऐवजी सर्वांनी एकाच दिशेला सरकत आपापला पट्टा सांभाळायचा. त्यासाठी त्यांना अवजड नव्हे, चपळ माणसे लागत. 1998 मध्ये टेरेल डेव्हिसने 2008 यार्ड मिळवले. 1999 मध्ये तो गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर गेला, तर संघ दरवर्षी आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या निवडीच्या चौथ्या फेरीतला, म्हणजे बराच मागे निवडलेला, नवखा ओलांडिस गॅरी 1159 यार्ड धावला. 2000 मध्ये सहाव्या फेरीतला माइक अँडरसन 1487, 2002 मध्ये क्लिंटन पोर्टिस 1508. धावणारा बदलतो, दरम्यान जॉन एलवेसारखा क्वार्टरबॅकही निवृत्त होतो, आणि यार्ड मिळतच राहतात. तेव्हा श्रेय फळीकडे वळवणे रास्त ठरते.

पण फळीकडे म्हणजे गिब्स यांच्याकडेच का? मुख्य प्रशिक्षक माइक शानहान या सगळ्या काळात तेथेच होते, आणि गिब्स गेल्यावर 2004 मध्ये रूबेन ड्राउन्सही 1240 यार्ड धावलाच. गिब्स अटलांटा फाल्कन्सकडे गेले आणि तो संघ 2004 मध्ये धावण्यात एनएफएलमध्ये पहिला आला, ही बाजू त्यांच्या पारड्यात जोराने पडते. अडचण एवढीच, की 2003 चा बहुतेक हंगाम पाय मोडल्यामुळे गमावलेला चपळ क्वार्टरबॅक मायकेल विक त्याच वर्षी पूर्णवेळ परतला आणि एकट्याने 902 यार्ड धावला. मी तरी गिब्स यांना पद्धत घडवण्याचे श्रेय देईन आणि अटलांटातल्या पहिल्या क्रमांकाचे अर्धेमुर्धेच.

अलीकडे मोजमाप बदलले आहे. खेळाडूंच्या खांद्यावरील पॅडमध्ये बसवलेले संवेदक त्यांची जागा सेकंदाला दहा वेळा नोंदवतात आणि त्यावरून ईएसपीएन वाहिनी फळीतल्या प्रत्येक खेळाडूने समोरच्याला अडीच सेकंद थोपवले की नाही याचे शेकडा प्रमाण काढते. क्वार्टरबॅक चार सेकंद रेंगाळला आणि पडला, तर ते पाप फळीच्या माथी येत नाही. हा मोठाच फायदा. शेजाऱ्याच्या हवाली केलेला, समोरून धावून येणारा प्रतिस्पर्धी नेमका कोणाच्या चुकीने निसटला, याचा निवाडा मात्र केवळ जागेच्या नोंदींवरून करणे अवघड आहे, आणि प्रशिक्षकाचे शिकवणे सर्वांत जास्त तेथेच मुरलेले असते.

राहिला सर्वांत आवडता पुरावा, स्वस्तात मिळालेला खेळाडू प्रशिक्षकाने घडवल्याचा. स्कारनेकिया यांच्या बाजूने मार्कस कॅननचे नाव घेतले जाते: 2011 मधल्या पाचव्या फेरीतला, डेन्व्हरमधल्या त्या सामन्यात धडपडलेला आणि स्कारनेकिया परतल्यावर 2016 मध्ये ऑल-प्रो, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीतल्या, दुसऱ्या संघात निवडला गेलेला टॅकल. या सुधारणेचा काही वाटा मी स्कारनेकिया यांना निःशंकपणे देतो. मात्र कॅनन पाचव्या फेरीपर्यंत घसरला तो निवडीच्या तोंडावर कर्करोगाचे निदान झाल्यामुळे, कुवत कमी असल्यामुळे नव्हे. तेव्हा पाचवी फेरी हा येथे फसवा आरंभबिंदू आहे.

याहून स्वच्छ उदाहरण फिलाडेल्फिया ईगल्सच्या जॉर्डन मेलाटाचे. सिडनीत रग्बी लीग खेळणारा हा तरुण 2018 मध्ये सातव्या फेरीत निवडला गेला, तेव्हा तो अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना खेळलेला नव्हता. त्याच्यावर आधीच्या कोणा प्रशिक्षकाचे संस्कार नव्हते. जे शिकला त्यातले बहुतेक जेफ स्टाउटलंड यांच्याकडे शिकला, आणि पुढे सुपर बोल जिंकणाऱ्या फळीचा डावा टॅकल झाला. सव्वासहा फुटांहून उंच, दीडशे किलोंच्या पुढचा आणि तरीही वेगवान असा देह मात्र स्टाउटलंड यांनी दिलेला नाही. शिवाय 2019 मध्ये त्याच जागेसाठी ईगल्सने पहिल्या फेरीत आंद्रे डिलार्डला घेतले होते. तोही स्टाउटलंड यांच्याच हाताखाली तयार होत होता, 2020 चा पूर्ण हंगाम दुखापतीने गमावून परतला आणि 2021 मध्ये मेलाटाशी झालेली स्पर्धा हरला. मेलाटाला जमेच्या रकान्यात लिहिणाऱ्याने डिलार्डलाही कोठे तरी लिहायला हवे.