शालूचा लाल आणि संगणकाचं गणित

मे महिन्यात अकोल्याच्या, लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या एका तरुण एडिटरकडे गेलो होतो. लग्नसराई ऐन भरात. नवा असेंबल्ड पीसी, भारी ग्राफिक्स कार्ड, ३२ जीबी रॅम. त्याने हळदीचं फुटेज टाइमलाइनवर टाकलं आणि स्पेसबार दाबला. नवरीच्या गालाला हळद लावायला आत्याचा हात निघाला, मध्येच थिजला आणि एकदम गालावरच दिसला. सनईचा आवाज सुरळीत, चित्र मात्र ठेचकाळत चाललेलं. टास्क मॅनेजर उघडला. ग्राफिक्स कार्ड १२ टक्क्यांवर निवांत, प्रोसेसर १०० टक्क्यांवर धापा टाकतोय.

"भाऊ, कार्ड बदलू का?" त्याने विचारलं.

कार्ड कमी ताकदीचं नव्हतंच. खरेदी करताना विचारायचा पहिला प्रश्न राहून गेला होता: माझा कॅमेरा फुटेज कोणत्या पद्धतीने लिहून ठेवतो?

किराणा दुकानातली उधारीची वही आठवा. महिन्याच्या सुरुवातीला जुनी बाकी लिहिलेली असते, मग रोजची देणीघेणी तेवढी. १७ तारखेची बाकी सांगायची तर पहिल्या पानापासून बेरीज करत यावं लागतं. एच.२६४ आणि त्याच्या पुढचं एचईव्हीसी हे कोडेक, म्हणजे व्हिडिओ आवळून साठवायच्या पद्धती, असंच काम करतात. एक फ्रेम, म्हणजे व्हिडिओतलं एक चित्र, पूर्ण साठवायची, पुढच्या फ्रेममध्ये काय बदललं तेवढंच टिपायचं. त्यातल्या काही फ्रेम तर आपल्या मागच्या आणि पुढच्या अशा दोन्ही फ्रेमवर विसंबून असतात. फाइल लहान होते, कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डात तासन् तासांचं फुटेज मावतं. पण एडिटर सरळ वाचत जात नाही. तो मधेच उडी मारतो, मागे येतो, पुन्हा पुढे जातो, आणि प्रत्येक उडीला संगणकाला ती बेरीज नव्याने करावी लागते. ॲपलचा प्रोरेस किंवा ॲव्हिडचा डीएनएक्सएचडी यांत प्रत्येक फ्रेम पूर्ण लिहिलेली असते, म्हणजे रोजची बाकी रोज. वही जाड होते, वाचायला मात्र सोपी.

ही बेरीज करायला चिपमध्ये वेगळा विभाग असतो. त्याला ते विशिष्ट फुटेज ओळखता आलं तर काम चुटकीसरशी होतं, नाही आलं तर सगळा भार प्रोसेसरच्या गळ्यात. आमच्या मित्राचा कॅमेरा १० बिट, ४:२:२ एचईव्हीसी, म्हणजे रंगाची माहिती जास्त बारकाईने ठेवणारा प्रकार, लिहीत होता. इंटेलच्या चिपमधल्या अशा विभागाचं नाव क्विक सिंक; ११व्या पिढीपासून त्याला ते उलगडता येतं, ॲपलच्या एम मालिकेलाही येतं. एनव्हिडियाच्या कार्डांत ४:२:२ ची सोय २०२५ साली आरटीएक्स ५० मालिकेपासून आली. क्विक सिंक राहतं ते प्रोसेसरमधल्या अंगभूत ग्राफिक्समध्ये, आणि ज्या इंटेल प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असतो त्यात ते ग्राफिक्सच नसतं. थोडे पैसे वाचतात म्हणून याने नेमका तोच घेतला होता. एका अक्षराने घात केला. हे अक्षर मुद्दाम लक्षात ठेवा.

त्या रात्री आम्ही काहीच विकत आणलं नाही. सगळ्या फुटेजच्या प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरत्या हलक्या प्रती, बनवायला लावल्या आणि जेवायला गेलो. सकाळी तोच पीसी लोण्यासारखा चालला. जुन्या लॅपटॉपवर काम करणाऱ्यांनी नवीन यंत्राचा विचार करण्याआधी प्रॉक्सी वापरून बघाव्यात, असं मी कळकळीने सांगेन.

ग्रेडिंगला, म्हणजे रंग नीट करायला, बसलं की खेळ बदलतो. तिथे ग्राफिक्स कार्ड खरोखर राबतं. यूएचडी (४के) फ्रेममध्ये ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२,९४,४०० पिक्सेल. ग्रेडिंगचं सॉफ्टवेअर प्रत्येक पिक्सेलसाठी लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता असे चार आकडे धरतं, प्रत्येक आकडा ३२ बिटचा. हिशेब केला तर एका फ्रेमला सुमारे १३३ मेगाबाइट. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर ३.३ गिगाबाइट, तेही एकाच पायरीला. सावल्या उचलणं, कातडीचा रंग नीट करणं, मागचा मांडव थोडा काळोखा करणं अशा दहा पायऱ्या सहज होतात. रात्रीच्या वरातीचं दाणेदार फुटेज साफ करायला नॉइज रिडक्शन लावलं, की आजूबाजूच्या फ्रेमही एकाच वेळी समोर लागतात.

प्रत्येक पिक्सेलचं गणित शेजाऱ्यापासून बरंचसं स्वतंत्र असतं, म्हणून हे काम वाटून देता येतं. प्रोसेसर म्हणजे आचारी, एकटा पण हुशार, कुठलाही पदार्थ करणारा. ग्राफिक्स कार्ड म्हणजे पंगतीतले हजारो वाढपी, एकच पदार्थ एकाच वेळी सगळ्या पानांवर. मात्र वाढायचं भांडं पुरेसं मोठं हवं. ते भांडं म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी. ४के ग्रेडिंगला ८ जीबीत ओढाताण होते. १२ ते १६ जीबी असेल तर मधेच 'मेमरी संपली' असा निरोप येत नाही. ॲपलच्या यंत्रांत प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच मेमरीतून जेवतात आणि ती नंतर वाढवता येत नाही, त्यामुळे जी काही चैन करायची ती खरेदीच्या दिवशीच.

डिस्कबद्दल थोडक्यात. साधी हार्ड डिस्क सेकंदाला १५० ते २५० मेगाबाइट देते. २५ फ्रेमचं यूएचडी प्रोरेस ४२२ एचक्यू एका कॅमेऱ्यालाच सुमारे ९२ मेगाबाइट मागतं. तीन कॅमेरे एकदम लावले की तिचा दम संपला. काम एसएसडीवर, बॅकअप हार्ड डिस्कवर, आणि दोन प्रती झाल्याशिवाय कॅमेऱ्याचं कार्ड फॉरमॅट करायचं नाही. मंगलाष्टकं पुन्हा होत नाहीत.

उन्हाळ्याचं गणित मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण खोक्यावर ते छापलेलं नसतं. चिपमधून हवेत उष्णता किती वेगाने जाईल हे दोघांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. चिपला ९५ अंशांची मर्यादा धरली, तर २५ अंशांच्या खोलीत फरक ७० अंशांचा. विदर्भातल्या ४२ अंशांच्या दुपारी तो ५३ वर येतो. तोच पंखा, तीच जाळी, पण बाहेर जाणारी उष्णता सुमारे चौथाईने कमी. मग चिप स्वतःला वाचवायला वेग उतरवते. पातळ लॅपटॉपवर हिवाळ्यात तासात होणारं रेंडर, म्हणजे शेवटची फाइल तयार करणं, मे महिन्यात रेंगाळतं ते यामुळे. आणि आपल्याकडे लग्नं नेमकी मे महिन्यात. एका जागी बसून काम असेल तर मोठ्या कॅबिनेटचा, हवा खेळती असलेला पीसी घ्या. त्याला यूपीएस जोडा, कारण रेंडर ९० टक्क्यांवर असताना वीज जाणं काय असतं ते आम्ही सगळ्यांनी सोसलंय.

एवढं सगळं सांगून झाल्यावर मी त्या मुलाला विचारलं, "रंग कशावर बघतोस?" त्याने जुन्या लॅपटॉपकडे बोट केलं. पीसीवर सगळे पैसे संपले म्हणून तोच स्क्रीन म्हणून जोडलेला.

माझंही एकदा हेच झालं होतं. नवरीचा लाल शालू माझ्या लॅपटॉपवर विटकरी, मळकट दिसायचा. मी लाल वाढवत गेलो, अगदी समाधान होईपर्यंत. नंतर त्यांच्या घरी मोठ्या टीव्हीवर बघितलं तर शालू म्हणजे लाल रंगाचा एक सपाट गोळा. निऱ्या नाहीत, जर नाही, घडीची सावली नाही. नवरीची आई काही बोलली नाही, पण तिने निवडलेला शालू तिला त्यात दिसत नव्हता हे मला कळलं.

स्वस्त लॅपटॉपच्या माहितीपत्रकात '४५ टक्के एनटीएससी' असं, पडद्याच्या रंगांच्या आवाक्याचं एक माप, लिहिलेलं असतं. याचा अर्थ तो पडदा नेहमीच्या एसआरजीबी रंगांपैकी जेमतेम ६० ते ६५ टक्केच दाखवू शकतो. गडद लाल त्याच्या आवाक्यातच नाही. जो रंग पडदा दाखवूच शकत नाही तो मी वाढवत बसलो होतो. यंत्र हळू असेल तर रात्रभर थांबता येतं, पडद्याने फसवलेलं मात्र ग्राहकाच्या घरी पोचेपर्यंत कळत नाही. म्हणून दीड लाखाचं बजेट असेल तर ३०-३५ हजार आधी बाजूला काढा, मॉनिटर आणि प्रोबसाठी, म्हणजे पडद्यावर लावून त्याचे रंग मोजायच्या यंत्रासाठी. टीव्ही आणि वेबसाठीच्या कामाला रेक. ७०९ हे मानक पूर्ण दाखवणारा, पांढरा रंग ६५०० केल्विनच्या आसपास ठेवणारा, १०० निट प्रकाशावर स्थिर राहणारा मॉनिटर पुरतो. पडदे हळूहळू ढळतात, म्हणून प्रोब महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा लावायचा.

प्रोब लागतो कारण डोळा जुळवून घेतो. निळसर पडद्यासमोर बसलं की काही मिनिटांत मेंदू तोच निळसरपणा पांढरा मानायला लागतो. भिंतही यात हात घालते. हिरव्या भिंतीपुढे बसणाऱ्याला चेहरे लालसर वाटतात, आणि तो त्यांतला लाल काढून टाकतो. मॉनिटरमागची भिंत करड्या रंगाची करायला एका डब्याचा खर्च येतो. इतक्या कमी पैशांत इतका फायदा दुसऱ्या कशात नाही.

आणि स्कोप, म्हणजे चित्रातले रंग आणि उजेड मोजून दाखवणारे सॉफ्टवेअरमधले आलेख, बघायची सवय लावायची. त्यांतल्या रंग दाखवणाऱ्या व्हेक्टरस्कोपवर कातडीच्या रंगाची एक रेषा असते. गोरा असो वा सावळा, चेहरे साधारण त्याच रेषेजवळ पडतात. वर्णाने उजेड बदलतो, रंगाची दिशा फारशी बदलत नाही.

अकोल्याच्या त्या मुलाने दिवाळीनंतर मॉनिटर घेतला आणि मला फोन केला. नवरीचा चेहरा रेषेपासून पिवळ्याकडे सरकलेला दिसतोय, ओढून आणू का, असं विचारत होता. कुठला शॉट आहे, मी विचारलं. हळदीचा, म्हणाला. मग राहू दे तिथेच, मी म्हटलं.