हार्ट फेल्युअर आणि चालण्याचा डोस

'हार्ट फेल' हे शब्द कानावर पडले की घरचे पेशंटला पलंगावरून उतरू देत नाहीत. पाण्याचा तांब्यासुद्धा हातात आणून देतात. त्यांना तरी काय बोलणार, काही दशकांपूर्वी डॉक्टरही विश्रांतीच सांगत. पण हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे. त्याचं पंपिंग शरीराच्या गरजेला पुरं पडत नाही, इतकंच. शिवाय जिन्यावर लागणारी धाप एकट्या हृदयामुळे नसते. पडून राहिल्याने मांड्या-पोटऱ्या झिजतात आणि मिळालेला ऑक्सिजनही त्यांना धड वापरता येत नाही. व्यायामाने सुधारतं ते मुख्यतः हेच. म्हणून इकोमधला (हृदयाच्या सोनोग्राफीतला) पंपिंगचा आकडा फारसा न हलताही माणूस जास्त चालू लागतो.

2009 साली 'एचएफ-ॲक्शन' चाचणीचे निष्कर्ष आले. 2,331 रुग्ण, सगळ्यांचं इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला हृदयाच्या डाव्या कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर ढकललं जातं तो आकडा) 35 टक्के किंवा कमी. व्यायाम करणाऱ्या गटाची 36 सत्रं आधी देखरेखीखाली, पुढे घरी. व्यायाम सुरक्षित ठरला. मृत्यू आणि हॉस्पिटलच्या फेऱ्या मात्र थोड्याच कमी झाल्या, तेव्हा चमत्काराची आशा नको.

आजार स्थिर असेल आणि डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवला असेल, तरच सुरुवात. आधी सपाट पॅसेजमध्ये सहा मिनिटांत किती मीटर चालता येतं ते मोजतात. नंतरचा प्रश्न अवघड: जोर किती लावायचा? हृदयाचा वेग आवरणारी बीटा ब्लॉकरची गोळी नाडी फारशी वाढू देत नाही, त्यामुळे वयावरून काढलेलं नाडीचं गणित आणि मुलाने हौसेने आणलेलं स्मार्टवॉच दोन्ही फसवतात. त्यापेक्षा स्वीडिश मानसशास्त्रज्ञ बोर्ग यांची दमणुकीची 6 ते 20 ची मोजपट्टी बरी: 6 म्हणजे अजिबात श्रम नाहीत, 20 म्हणजे पार दमछाक. चालताना 'किती दमायला होतंय?' विचारायचं, उत्तर 11 ते 13 च्या आसपास हवं. अख्खं वाक्य बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये.

पाच मिनिटं चाला, बसा, पुन्हा पाच मिनिटं. आधी वेळ वाढवायची, वेग नंतर. एकदम थांबायचं नाही: रक्त पायांत साठतं, गोळ्यांनी बीपी आधीच कमी असतं, घेरी येते. हलकी वजनं उचलायला हरकत नाही, फक्त श्वास कोंडू नये. छातीत आयसीडी (ठोके धोकादायक वेगाने पडू लागले की शॉक देणारं यंत्र) बसवलेलं असेल तर ते मिनिटाला किती ठोके झाले की शॉक देतं हे विचारून घ्या आणि त्याच्या बरंच खाली राहा.

रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर वजन करावं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं, पाय सुजले किंवा रात्री आडवं झाल्यावर धाप लागून जास्तीची उशी लागली, तर त्या दिवशी चालायला जाऊ नका, डॉक्टरांना फोन करा.